जीपचा खांदा

चार माणसांदेखत संपतरावांनी माझ्या लेकाच्या हातातून जीपची चावी काढून घेतली आणि स्वतःच्या लेकाच्या, भागवतच्या, हातावर ठेवली. संपतराव माझे सख्खे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं नाक पुसायला मीच होते. आता म्हणतात, शिवहारला अक्कल नाही, घरची गाडी यापुढं त्याच्या हाती देणार नाही.

ती जीप आमच्या मालकांनी नांदेडला लिलावात घेतली होती. मिलिटरीतली जुनी, चारी चाकांनी ओढणारी. मागं हूक आणि हुकाला दोन चाकांचा ट्रेलर. आमच्या शिरड शहापुरात ट्रॅक्टर काय कमी होते? पण कालव्याला पाणी सुटलं की काळ्या रानात ट्रॅक्टर पोटापर्यंत रुतायचा आणि ही निघून जायची. मालक गेले तेव्हापासून शिवहारच ती चालवतो. माणसांशी धड बोलत नाही पोरगं, पण जीपच्या नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगतो. चावी गेली म्हणजे त्याचं सगळंच गेलं.

झालं ते असं. आमच्या आठ घरांत मिळून हळद शिजवायची एकच लोखंडी कढई, सहा गड्यांनी उचलावी एवढी. फाल्गुनात ती या रानातून त्या रानात जाते. निघताना थोरल्या बाईनं तिच्या काठाला हळदकुंकू लावायचं आणि ती सांगेल तशी कढई ट्रेलरमध्ये चढवायची. मधे कुणी बोलायचं नाही. थोरली मी.

त्या दिवशी मीच सांगितलं, कढई पार मागं सारा. आमच्या बैलांच्या खांद्याला तीस वर्षांत सूज आली नाही. का? तर गाडी भरताना मी उभी असायची. ओझं जरा मागं, जू हलकं. मुक्या जिवाच्या मानेवर भार टाकणारे लोक मला डोळ्यांसमोर नको असतात. जीप तरी काय, ओढणारीच ना.

ओढ्याच्या चढावर ट्रेलर डावीउजवीकडं झोकांड्या खायला लागला, आडवा झाला, आणि कढई घसरून दगडांवर पडली. तिचा सांधा उलला. पोरगं वाचलं एवढंच. संपतरावांनी मात्र पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, माजून गाडी पळवतो म्हणून. शिवहार खाली मान घालून उभा. मला दिराचा राग आला, त्याहून जास्त लेकाचा आला. तीन दिवस मी दोघांशी बोलले नाही, भाकरी तेवढ्या आपटून वाढल्या.

चौथ्या दिवशी कढई कळमनुरीहून वेल्डिंग होऊन आली. ओढ्यापलीकडं आठ घरांतल्याच नर्मदाबाईची हळद खणून पडली होती, ढीग आतून गरम व्हायला लागला होता. भागवत गॉगल लावून जीपवर बसला. कुंकू मीच लावलं. राग असला म्हणून काय रीत मोडायची? कढई पुन्हा मागं चढली, मी सांगितली तशी. मग मी जीपच्या बाजूनं चालत निघाले. भागवतची फजिती बघायला, खोटं कशाला सांगू.

चढ लागला आणि मला दिसलं. ट्रेलरचं मागचं अंग खाली बसलं, पुढची दांडी वर उठली, आणि तिनं हुकाला धरून जीपचं ढुंगणच वर उचललं. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, पुढच्या दोघांना एकट्यानं चढ ओढवेना. बैलगाडी उलाळ होते, मागच्या भारानं जू वर जातं आणि बैलाचा गळा आवळतो, तसंच. पण बैल खुर रोवून उभा राहतो. हिला जमीन धरायला पाठीवर भारच लागतो. मी तिचा खांदा जपत होते, आणि तिला खांद्यावरच ओझं हवं होतं.

भागवतनं आणखी जोर दिला. ट्रेलर झोकांडला. मी त्याचं मनगट धरलं.

"मोठी माय, थोडं दाबलं की निघंल."

"दगडावर निघंल. बंद कर आन् उतर."

चाकांना दगड लावले. संपतराव मागून धापा टाकत आले.

"कढई मागं ठिवायला कोनी सांगितलं व्हतं, संपतराव?"

"तुमीच की, वैनी."

"त्या दिवशी?"

"तवा बी तुमीच."

"मंग चावी काढताना हे काहून न्हाई बोलले?"

ते म्हणाले, थोरल्या बाईला कोण बोलणार.

"मीच बोलते. चुकलं माझं. लेकाचं न्हाई. चावी द्या त्याची."

चुकलं हा शब्द चाळीस वर्षांत मी त्या माणसासमोर काढला नव्हता. संपतराव चाकांखालचे दगड चाचपायला वाकले. वरून बांधावरून नर्मदाबाई म्हणाली, माझी हळद सडून राहिली, तुमचा मान मागून काढा. तेव्हा भागवतनं स्वतःच चावी काढून माझ्या हातात दिली.

शिवहार नर्मदाबाईच्याच रानात कढईखालची चूल, चुलवण, खणत होता. आला. त्यानं गड्यांकडून कढई ट्रेलरच्या चाकांच्या पुढं सरकवून घेतली. मी विचारलं, तुला ठाऊक होतं?

"व्हय."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं व्हतं, माय. तू म्हनलीस, ज्यानं कधी कासरा धरला न्हाई त्यानं मला भार शिकवू नये."

मी म्हणाले होते. शब्दाला शब्द.

त्यानं हुकाकडं वाकून पाहिलं. म्हणाला, पुढं अजून थोडं वजन पाहिजे. गडी दगड शोधायला वळले. मी पदर खोचला आणि दांडीवरच्या फळीवर चढून बसले. संपतराव म्हणाले, वैनी, उतरा, शोभतं का. मी म्हणाले, तुमी चाला मागून.

शिवहारनं गाडी सुरू केली. जीपच्या मागच्या चाकांनी माती धरली ती मला बसल्या जागी कळली.

"घट्ट धर, माय," तो म्हणाला.

एवढं चार माणसांत बोलायला त्याला कढई फुटावी लागली.