चार वाजेपर्यंत कामावर

वेताच्या खुर्च्या विणण्यात ज्यांची अडतीस वर्षे सरली, त्या वेतकाकांना उतारवयात एका नव्या धन्याची चाकरी पत्करावी लागली. हा धनी दिसत नसे, बोलत नसे, रागावतही नसे. तळहाताएवढ्या काचेमागे त्याचा मुक्काम होता. दहा मिनिटांत उत्तर मिळाले नाही की तो मुकाट्याने एक खूण करून ठेवी.

त्याला घरात आणले जावयाने. जावई हा दहावा ग्रह, असे जुने लोक म्हणत. पण हा ग्रह शुभदृष्टीचा होता. छोट्या दुकानदारांनी इंटरनेटवर आपले दुकान कसे मांडावे, गिऱ्हाईक कसे जोडावे, हे शिकवणे हाच त्याचा व्यवसाय. सासऱ्यांच्या दुकानात आठवड्याला जेमतेम एक खुर्ची येते, हे त्याला पाहवेना. एका रविवारी त्याने फोटो काढले, पान तयार केले आणि वर्षभरात खुर्च्यांची रांग दुकानाच्या पायरीखाली उतरली. पानावर वेतकाकांच्या नावाशेजारी हिरवे चिन्ह उमटले: 'तत्पर'. दहा मिनिटांच्या आत उत्तर देणाऱ्यालाच ते मिळे आणि महिन्यात तीन चुका झाल्या की जाई.

दुसऱ्या कोणी 'हो', 'नाही', 'उद्या या' एवढ्यावर भागवले असते. जावयाने तशी तयार उत्तरे भरूनही दिली होती. पण वेतकाका पत्राला पत्राने उत्तर देणाऱ्या पिढीतले. त्यांना ती उत्तरे तोंडदेखली वाटली. ते प्रत्येकाला 'सप्रेम नमस्कार' लिहीत, खुर्ची घरात कोण वापरते याची विचारपूस करीत आणि 'लोभ असावा' असे म्हणून थांबत. लोकांना ती उत्तरे इतकी आवडली की ज्यांच्या घरी वेताची खुर्ची नव्हती तेही लिहू लागले. आपल्याच सौजन्याचा फास आपल्या गळ्याला बसतो आहे, हे सज्जनाच्या ध्यानी उशिरा येते.

एकदा दाढ ठणकली म्हणून ते तासभर दुकान बंद करून गेले. तेवढ्यात कोणा गृहस्थाने कुलुपाचा फोटो पानावर टाकला आणि खाली लिहिले, 'तत्पर म्हणे!' त्या दिवसापासून वेतकाका जेवायलाही घरी गेले नाहीत; डबा दुकानात येऊ लागला.

अशात ताईचा निरोप आला. आई गेल्यावर ज्या थोरल्या बहिणीने त्यांना वाढवले, ती आता चार तासांच्या अंतरावर एकटी राहत होती. तिची दृष्टी झपाट्याने मंदावत होती, आणि गेलेली दृष्टी परत येणार नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. ताईने एवढेच कळवले की, दिसते आहे तोवर एकदा तोंड दाखवून जा.

वेतकाकांनी जावयापाशी विषय काढला. जावई तत्काळ हो म्हणाला.

"जा ना बाबा. फक्त दुकान दोन दिवस बंद दिसलं, की पान खाली घसरतं. एकदा घसरलं की वर चढायला वर्ष जातं. मी प्रत्येक वर्गात तुमचंच उदाहरण देतो हो."

"तसं असेल तर पुढच्या महिन्यात बघू, जावईबापू."

मुलगी आतून म्हणाली, "पुढच्या महिन्यात आत्या तुम्हाला चाचपून ओळखेल."

पुढच्या महिन्यात रांग वाढली. ताईचे फोन येत तेव्हा वेतकाका कोणाला तरी 'सप्रेम नमस्कार' लिहीत असत. फोन न उचलता 'नंतर करतो' असे मनाशी म्हणत आणि तो 'नंतर' येत नसे.

एका सकाळी पानावर नवा निरोप आला. एक खुर्ची, बैठक खचली आहे, खुर्ची जड असल्याने घरी येऊन विणावी लागेल. वेतकाकांनी चौथ्या मिनिटाला उत्तर लिहिले आणि खुर्ची कोण वापरते ते विचारले. उत्तर आले: 'मीच. शेजारीण लिहून देते आहे. भावाला फोन केला तर उचलत नाही. गिऱ्हाइकाला मात्र लगेच उत्तर देतो असे कळले, म्हणून गिऱ्हाईक झाले.'

वेतकाकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचले. मग त्यांनी तो निरोप 'मागणी' म्हणून स्वीकारला. गिऱ्हाइकाच्या घरी काम असले की पान बंद दिसत नसे; त्यावर 'कामावर आहेत' अशी पाटी झळके आणि नेमून दिलेल्या वेळेपर्यंत उत्तराची सक्ती नसे. त्यांनी वेळ लिहिली: दुपारी चार. परतीची गाडी साडेचारला होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघून ते दहाला ताईच्या दारात उभे राहिले.

"या साहेब," ताई म्हणाली. "खुर्ची खिडकीशी ठेवली आहे. चहा घेणार, की नियमात बसत नाही?"

वेतकाका खजील होऊन हसले आणि लगेच कामाला बसले. चारची मुदत त्यांनीच घातली होती. जुना वेत कापला, भोके मोकळी केली, भिजवलेल्या पट्ट्या उभ्या ओढल्या, मग आडव्या, मग तिरप्या. ताई समोर बसून बोलत राहिली. ते खाली मान घालून हुंकार देत राहिले. जेवण झाले तेही पाटीवर एक डोळा ठेवूनच. तीन वाजून गेल्यावर ती सहज म्हणाली,

"बाळ्या, सकाळपासून मला तुझी टाळूच दिसतेय. टक्कल पडलंय तुला, एवढं मात्र कळलं."

वेतकाकांचा हात थबकला, पण ओली पट्टी अर्धीच ओढून सोडता येत नाही. त्यांनी कडा बांधून संपवल्या तेव्हा चारला दोन मिनिटे उरली होती. काचेवर प्रश्न आला: 'काम पूर्ण झाले का?'

त्यांच्या गुरूंचा दंडक होता की ओल्या बैठकीवर कोणाला बसू द्यायचे नाही. ती रात्रभर सुकते, ताणून घट्ट होते. सकाळी विणणाऱ्याने आधी स्वतः बसून पाहायचे, आणि मगच काम पूर्ण म्हणायचे. वर्षभर ते विणून होताच 'होय' दाबत आले होते आणि गिऱ्हाइकाला 'उद्या बसा' असे लिहून निघत आले होते. जावयाने तसेच शिकवले होते.

त्यांनी 'नाही' दाबले. मुदत वाढवल्यास चिन्ह काढले जाईल, अशी सूचना आली. अंगठा बराच वेळ हवेत राहिला. अखेर त्यांनी उद्या सकाळची वेळ लिहिली. हिरवे चिन्ह विझले, आणि पाठोपाठ जावयाचा फोन वाजू लागला.

"घे की," ताई म्हणाली.

"सुकल्याशिवाय जाता येत नाही," ते म्हणाले. हे उत्तर तिला होते की फोनला, हे त्यांनाही सांगता आले नसते.

ताईने त्यांना खिडकीकडे वळवले, हनुवटी धरून चेहरा उजेडात आणला आणि अगदी जवळून पाहू लागली; आधी कपाळ, मग भुवया, मग दाढेच्या बाजूचा बसलेला गाल. फोन थांबला, पुन्हा वाजला. वेतकाकांनी मान हलवली नाही. पण ती पाहत असताना ते मनातल्या मनात मिनिटे मोजत होते, आणि नववे मिनिट लागले तसे त्यांचे बोट आपोआप खिशाकडे सरकले.

"हलू नकोस," ताई म्हणाली. "अजून बराच बाकी आहेस."