उरलेल्या गोळ्या

सेलूचे दुकानदार महादेवराव यांना कोलेस्टेरॉल काय झालं, जसं मेडलच मिळालं. त्या रविवारी बोरगाव मेघ्याहून व्याही पुंडलिकराव जेवायला आले, तेही त्याच दुखण्याचे. मग काय विचारता! रश्श्यानं बरबटलेल्या बोटांनीच दोघांनी आपापली गोळ्यांची पाकिटं ताटाशेजारी मांडली. कोणाची दहाची, कोणाची वीसची, कोणाच्या गोळीनं पोटऱ्या दुखतात. मध्येच ढेकर, मध्येच नळी चोखणं. मटणाचं तेल महादेवरावांच्या हनुवटीवरून ओघळत होतं. वाढता वाढता त्यांच्या बायकोनं, नलूबाईंनी, नजर दुसरीकडे वळवली.

नलूबाईंचाही रिपोर्ट आठ दिवसांपूर्वी आला होता. कोलेस्टेरॉल ठीक, पण ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, नऊशेवर. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, तुमचं औषध यजमानांच्या औषधाहून वेगळं आहे, आजच सुरू करा, नाही तर स्वादुपिंड सुजून जिवावर बेतेल. चिठ्ठी महादेवरावांच्या खिशात. मेडिकल त्यांच्या दुकानाला लागून. तरी आठ दिवस या गृहस्थाला सवड नाही.

व्याह्यांनी सहज विचारलं, विहीणबाई कोणती घेतात? महादेवराव हसले. डॉक्टरांनी त्यांची दहाची गोळी वीसची केली, तेव्हा दहाची पाकिटं उरली होती. त्यातलंच एक त्यांनी तेलकट बोटांनी बायकोपुढे सरकवलं.

"हे संपव आधी. गोळी ती गोळी. तुले काय वेगळी लागते?"

नलूबाईंना अशी शिसारी आली की पदर तोंडाला लावावा लागला. तीस वर्षं याच माणसाच्या उष्ट्या ताटात त्या जेवल्या होत्या, रीत म्हणून. आता औषधही उष्टंच का?

महादेवरावांनी भात मागितला. नलूबाईंनी ताटभर भात आणला, व्याह्यांदेखत समोर मांडी घातली आणि त्यातला अर्धा सावकाश, बोटं चाटत खाल्ला. मग ते चिवडलेलं ताट नवऱ्यापुढे ढकललं.

महादेवरावांनी असं तोंड केलं की जसं ताटात झुरळ निघालं. "हे तं तुहं उष्टं आहे."

"भात तो भात. तुम्हाले काय वेगळा लागते?"

पुंडलिकरावांनी खाली मान घालून आपल्या गोळ्या खिशात टाकल्या. नलूबाईंनी हात पुढे केला. "चिठ्ठी द्या."

चिठ्ठीला तेल लागलंच. ती दोन बोटांत कोपऱ्याला धरून, खरकटी तशीच टाकून, नलूबाई चपला घालून मेडिकलकडे निघाल्या.