मंदिराचा पाया ठोकणारी तोफ

मी तोफच आहे, पण घाबरू नका. माझ्या तोंडात शिसं ओतून ते कायमचं बंद केलंय. किती माणसं मारली ते विचारू नका; मारणाऱ्याच्या ते लक्षात राहत नाही. अमेरिकेतल्या यूटाच्या या तांबड्या वाळवंटात मॉर्मन पंथाच्या मंडळींनी मला आणलं ते देवाच्या कामाला.

एवढ्या कोरड्या मुलखात मंदिराला जागा निवडली ती नेमकी दलदलीत. वडीलधाऱ्यांनी बोट दाखवलं, मग कोण बोलणार? घोडे मला दोरानं वर ओढत, रास्मुस खटका सोडी, आणि मी काळ्या दगडांवर आदळून त्यांना चिखलात रुतवी.

रास्मुस हा डेन्मार्कहून आलेला गवंडी. सगळ्यांत मेहनती आणि सगळ्यांत चेंगट. दगड तसूभर हलेना झाला तरी म्हणायचा, "अजून मऊ लागतंय."

"रास्मुसभाऊ, मंदिर पाताळात बांधायचंय का?" बिशप विचारत.

या मंदिरात लग्नं लागतात ती अनंतकाळासाठी, मेलेल्यांशीसुद्धा. पण बाईला नवरा एकच निवडावा लागतो. रास्मुसची मारेन आधी नील्सची बायको होती. अमेरिकेला येताना नील्स बोटीवर तापानं गेला, तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मंदिर पुरं झालं की मारेनला निवडायचं होतं, आणि रास्मुस बिचारा आपल्याच हातांनी तो दिवस जवळ ओढत होता.

शेवटी भिंती उठल्या, पांढरा गिलावा झाला. मला आवारात टाकलं. आत कोण घेणार? एका संध्याकाळी रास्मुस आणि मारेन माझ्याशेजारी येऊन बसली.

"अहो, तुम्हाला मी संसार दिला, पोरं दिली. नील्सला काय मिळालं? नुसता समुद्र."

रास्मुसनं हातावरचा वाळलेला गिलावा नखानं खरवडला. "मग तिथे वर, स्वर्गात, मी कुणाकडे जेवायचं?"

"या की आमच्याकडे," मारेन म्हणाली आणि रडायला लागली.

अशा लग्नात मेलेल्याच्या जागी जिवंत माणसाला उभं राहावं लागतं. नील्सचं इथे कुणीच नव्हतं, म्हणून रास्मुसच उभा राहिला. मारेनचा हात धरून त्यानं नील्सच्या नावानं 'हो' म्हटलं. बाहेर येऊन त्यानंच मला हे सांगितलं, माझ्या पाठीवर हात टेकून. मला फार वाईट वाटलं.

आता लोक माझ्यावर पोरं बसवून फोटो काढतात. रास्मुस आणि मारेन गावाबाहेरच्या दफनभूमीत शेजारी शेजारी आहेत. वर काय व्यवस्था झाली, मला कळायला मार्ग नाही. तुमची तिथे कुणाशी ओळख असेल तर एवढं सांगा, की नाव नील्सचं होतं, हात रास्मुसचा होता.