नाचून बांधलेला बांध

मित्रांनो, मी एक जुना श्लॉन आहे. हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. आयर्लंडच्या पश्चिमेला दलदलीतून पीटच्या विटा कापायचं जे अरुंद फावडं असतं, तोच मी. माझ्या पात्याच्या एका बाजूला काटकोनात पंख आहे, त्यामुळे एका घावात विटेच्या दोन बाजू सुटतात. साध्या फावड्याला हे जमत नाही, हे मी गर्वाने सांगत नाही, पण सांगतो जरूर. सध्या मी माझ्या धन्याच्या, मॅलकी गेरॅटीच्या, दाराशी जवसाचं तेल पिऊन चकाकत उभा असतो. ही मिजास मला म्हातारपणी मिळाली. ती कशी, ते ऐका.

मला मॅलकीच्या वडिलांनी गावच्या लोहाराकडून घडवून घेतलं. लोहाराने त्यांना भिंतीशी सरळ उभं केलं, दांडा छातीला लावून मापला आणि मगच कापला. प्रत्येक गावाची श्लॉनची घडण वेगळी असे. शेजारच्या गावचा श्लॉन आमच्या गावात कोणी हातात धरत नसे, मग तो कितीही धारदार असो.

आता पीट म्हणजे काय, तेही सांगायला हवं. हजारो वर्षांपूर्वीचं शेवाळ पाण्याखाली दबलं, हवा न लागल्यामुळे धड कुजलं नाही आणि थरावर थर चढत काळ्या लोण्यासारखं साचत गेलं, ते पीट. त्याची वीट कापून वाळवली की चुलीत मंद, गोड वासाची आच देते. आमच्या भागात झाडं कमी, कोळसा नाहीच. चूल पेटायची ती पीटवर.

पण ओलं पीट जळत नाही. म्हणून आधी चर खणून दलदलीचं पाणी काढायचं, मग मी विटा कापायच्या, मग त्या उभ्या करून वाऱ्यावर वाळवायच्या आणि शेवटी घराशेजारी त्यांचा हुडवा रचायचा. तुमच्याकडे गोवऱ्यांचा रचतात ना, तसाच. थोडक्यात, आमचं सगळं आयुष्य म्हणजे पाण्याशी भांडण होतं. आणि त्या भांडणात आम्ही जिंकत होतो, याचा मला फार आनंद वाटे.

वडिलांच्या मागे मी मॅलकीच्या हाती आलो. त्याचा हुडवा पंचक्रोशीत गाजलेला. विटा अशा तिरप्या लावायचा की पावसाचा थेंब आत शिरत नसे आणि वारा मात्र आरपार जात असे. रविवारी चर्चमधून परतणारी माणसं त्याच्या कुंपणाशी रेंगाळत. शेजारी राहणारी त्याची मेव्हणी डिम्प्ना, जिच्या जिभेला हाड नाही, तीसुद्धा हुडव्यापुरती चांगलं बोले.

मग यंत्र आलं. ट्रॅक्टरमागून फिरणारं ते यंत्र पीटच्या शेवया पाडी. मी गोठ्यात कोपऱ्यात गेलो. एका कोंबडीने माझ्या दांड्यावर आपलं बस्तान बसवलं, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पुढे गावच्या पबवाल्याने मला मागून नेलं आणि भिंतीवर टांगलं. बाहेरगावचे पाहुणे माझ्याखाली उभं राहून फोटो काढत. एकीने विचारलं, हे वल्हं आहे का? मित्रांनो, त्या दिवशी मला गंज चढला तो लोखंडाला नव्हे, मनाला.

तिथेच, भिंतीवरून, मी ती सभा पाहिली. युरोपातल्या देशांनी मिळून कायदा केला होता की बिघडलेला निसर्ग पुन्हा उभा करायचा आणि कोरड्या केलेल्या दलदली पुन्हा ओल्या करायच्या. शेतकऱ्यांवर सक्ती नव्हती. पबमध्ये लीस नावाची एस्टोनियाची संशोधक ते समजावत होती. ती वर्षभर आमच्या दलदलीवर काचेसारखी पेटी उपडी घालून आतली हवा मोजायची. डिम्प्ना म्हणे, ही पोरगी दलदलीचा श्वास मोजते. लीस म्हणाली, पाण्याखाली पीट निजलेलं असतं. पाणी काढलं की त्याला हवा लागते, आणि चुलीत न घालताही ते हळूहळू जळत राहतं. त्याचा धूर दिसत नाही, पण पृथ्वी त्यानेही तापते.

गावाला पटलं. पीट कमी लागावं म्हणून घरांच्या भिंतींना आतून ऊब धरणारं अस्तर लावायला सरकार मदत करत होतं, तेही पटलं. अडलं ते मॅलकीपाशी. त्याचा चर सगळ्यात खोल आणि उताराच्या तोंडाशी. तो उघडा राहिला तर बाकीचे बुजवून उपयोग नव्हता.

मॅलकीने पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "माझ्या बापाने जन्मभर हे पाणी काढलं. आता तुम्ही म्हणता ते परत घाला. म्हणजे माझा बाप चुकला, असंच ना?"

लीस हळूच म्हणाली, "माझे आजोबाही पीट कापायचे. त्यांनी घर उबदार ठेवलं, म्हणून मी शिकले. मी त्यांना चुकलेलं म्हणत नाही."

मॅलकीने मान हलवली, पण अट घातली. सेंट जॉनच्या होळीपर्यंत, म्हणजे ऐन जूनपर्यंत, चरात पाणी टिकलं तर चर कायमचा गावाचा. नाही टिकलं तर तो पुन्हा विटा कापणार, आणि मग त्याच्या दारात कोणी कायदा घेऊन यायचं नाही. त्याला वाटत होतं की पाणी टिकणार नाही. मला तर खात्रीच होती. इतकी वर्षं ज्याला पळवून लावलं, ते पाणी असं बोलावल्यावर येतं होय?

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेंट ब्रिजिडचा सण असतो, त्यानंतर कामं सुरू झाली. बाकीचे चर यंत्राने बुजवले, पण मॅलकीच्या चराशी जमीन इतकी मऊ की यंत्र पोटापर्यंत रुतलं. ते ओढून काढायला दोन ट्रॅक्टर लागले आणि बघायला अख्खं गाव. इथे हातानेच बांध घालायचा, असं ठरलं. मॅलकी पबमध्ये आला आणि त्याने मला भिंतीवरून उतरवलं. भिंत ओकीबोकी दिसेल म्हणून पबवाला कुरकुरला, तर डिम्प्ना म्हणाली, तिथे तुझाच फोटो लाव, लोक लवकर घरी जातील.

त्याच्या हाताची पकड मी लगेच ओळखली. घावही तसाच सरळ. मी विटा कापल्या, मॅलकीने त्या काठावर वाऱ्याला टाकल्या आणि जरा सुकल्यावर चरात बांध रचला. काय देखणा बांध तो! एकेक वीट तिरपी, एकसारखी. गावाने वाहवा केली. काहींनी फोटो काढले, आणि या वेळी मला कोणी वल्हं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. चर खळाळून वाहत होता. बांध जागच्या जागी होता, एक वीट हललेली नव्हती, आणि पाणी त्यातून चाळणीतून जावं तसं निवांत चाललं होतं.

डिम्प्ना वाकली, तिने एका फटीतून पलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मॅलकी, हा बांध नाही. हुडवा आहे. वारा खेळायला जागा ठेवलीयस तू."

मॅलकीचा चेहरा आधी पडला. त्याने विटांकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि मग तो हसायला लागला. इतका हसला की त्याला काठावर बसावं लागलं. जित्याची खोड ती. पाणी बाहेर आणि वारा आत, हे त्या हातांना न विचारताच ठाऊक होतं. खरं सांगू, मलाही काही खटकलं नव्हतं. त्याची खोड तीच माझी खोड.

लीसने सांगितलं की वाळकी वीट चालायची नाही. सगळ्यात खालचं, काळं, निथळतं पीट हवं, आणि ते थरावर थर असं तुडवायचं की फट म्हणून राहू नये. मॅलकीने आपल्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं. तुडवायला ते कबूल नव्हते.

"तुडवायचंच आहे ना?" डिम्प्ना म्हणाली. "मग नाचू या की. पेटी आणा माझी."

मित्रांनो, तुमच्याकडे सावड असते, आमच्याकडेही असते. एकाचं काम निघालं की सगळ्यांनी जायचं. पण अशी सावड आमच्या दलदलीनेही पाहिली नव्हती. मॅलकीने जुन्या विटा उपसल्या आणि मला खोल, खूप खोल घातलं. तिथे थंडगार, मऊ पीट होतं, माझ्या तरुणपणी लागायचं तसं. मी ते ढेकळाढेकळाने वर काढलं. काठावर डिम्प्ना आपली हातपेटी वाजवत बसली आणि बांधावर गमबूट घातलेली चार-चार माणसं नाचू लागली. टाचा आपटायच्या, गिरकी घ्यायची, जोडीदार बदलायचा. पबवाला नाचला. लीसला ठेका जमत नव्हता, तिला दोघांनी खांद्याला धरून नाचवलं. दमलेली चार खाली, ताजी चार वर. मधेच कोणाचा बूट चिखलात राही आणि पाय तेवढा वर येई. चहा आला, लोणी लावलेला सोडा-ब्रेड आला. संध्याकाळी बांधावरून शेवटची जोडी उतरली, तेव्हा खालच्या अंगाला चर गप्प झाला होता.

मग वसंत आला, आणि नेमका कोरडा आला. आमच्याकडे पाऊस नाही म्हणजे नवलच. मॅलकी रोज सकाळी मला काठीसारखं टेकत बांधापर्यंत जाई, बघे आणि परत येई. तो हरावा, पाणी टिकावं असं मला वाटू लागलं होतं. त्याने पुन्हा विटा कापल्या तर तो यंत्रच बोलावणार आणि मी पुन्हा भिंतीवर जाणार, हे एक कारण. पण ते एकच नव्हतं. त्या बांधासाठी आता मीही राबलो होतो.

होळीच्या संध्याकाळी घरोघरचे लोक थोडं-थोडं सरपण घेऊन टेकडीकडे निघाले. मॅलकी मला टेकत एकटाच दलदलीकडे वळला. ज्या काठावर त्याच्या वडिलांनी मला पहिल्यांदा रोवलं होतं, तिथे त्याने पाय ठेवला. इतकी वर्षं ती जमीन माणसाचं वजन सहज पेलायची. आज पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. दुसराही गेला.

"डिम्प्ना! अगं, धाव!"

त्याचं काही बरंवाईट झालं, असं वाटून सगळे धावत आले. बघतात तर मॅलकी मांड्यांपर्यंत रुतलेला, माझ्या दांड्याला धरून उभा, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतोय. त्याच्याभोवती हिरवं कोवळं शेवाळ तरारलं होतं आणि चरात काठोकाठ पाणी उभं होतं.

"ओली आहे," तो म्हणाला. "बापाच्या पायाखाली होती तशी ओली आहे रे!"

पैज हरलेला इतका आनंदी माणूस मी कधी पाहिला नाही. त्याला बाहेर ओढायला नाचणाऱ्यांचीच दोरी झाली. लीस त्याच्या बाजूला चिखलातच बसली.

होळीपाशी मॅलकीने आपल्या शेवटच्या हुडव्यातल्या विटा आगीत टाकल्या. तेवढ्यात पबवाला आला. आता काम संपलं, तेव्हा श्लॉन परत दे, भिंत रिकामी आहे, असं त्याने सुचवलं.

मॅलकीने मला जवळ घेतलं. "हा माझ्या बापाचा श्लॉन आहे," तो म्हणाला. "दर वसंतात बांधाची डागडुजी असते. तो कामावर आहे."

मित्रांनो, तुमच्या घरात अडगळीच्या खोलीत, माळ्यावर, नाहीतर ओसरीवर खुर्ची टाकून, कोणीतरी जुनं बसलेलं असेल. त्याचा जमाना गेला म्हणून त्याला भिंतीवर टांगू नका. त्याला धरा, पुसा, थोडं तेल द्या, आणि एकदा विचारून बघा की आजवर केलंस त्याच्या उलटं काम करशील का. चुकेल तो, सवयीने फटी ठेवेल. तेव्हा त्याला हसा, पण हसून घरी जाऊ नका. बूट घाला आणि त्याच्याबरोबर नाचायला या.