आण्णांच्या जीपचा ठणठणाट

आमच्या गावात जीप एकच होती आणि ती कारभारीआण्णांची होती. गाव कोणाच्या मुठीत होतं हे मग वेगळं सांगायला नको. नगरला लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी जीप. तिचा हिरवा रंग उडाला की खालून दुसरा हिरवा रंग दिसायचा, आणि आण्णा तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे.

आण्णा सोसायटीचे चेअरमन. सोसायटीचंच रेशन दुकान, आणि दुकानात रॉकेलचं बॅरल. माझं शिलाईचं दुकान त्याला अगदी लागून, त्यामुळे गावातली प्रत्येक रांग माझ्या डोळ्यांसमोर लागायची. बाटल्या, डबे, पोरांची कुरकुर, आणि शेवटी दुकानदाराचं ठरलेलं वाक्य, "वरून मालच आला न्हाई." संध्याकाळी कंदिलाखाली काजं करणाऱ्या माझ्यासारख्याने हे वाक्य ऐकून किती शिव्या गिळल्या असतील, ते माझं मला माहीत.

पेट्रोल एकाएकी महागलं त्या वर्षाची ही गोष्ट. उन्हाळ्यात सोसायटीची निवडणूक होती. आण्णांच्या विरुद्ध पुंजाराम उभा राहणार असं चाललं होतं. पुंजाराम सरळ माणूस. भाषण येत नाही, खाणं माहीत नाही. खुर्ची गेली तर नावापुढचं 'आण्णा' गळून त्यांना गावात नुसतं कारभारी म्हणून राहावं लागलं असतं, आणि त्याची त्यांना मुळीच सवय नव्हती.

नेमकी त्याच सुमारास जीप वाजायला लागली. देवळालीकडून येताना पाटाच्या पुलाला चढ आहे. तो चढ लागला की इंजिनातून ठण ठण ठण असा आवाज यायचा, आत बसून कोणी पळीने पातेलं ठोकावं तसा. चेअरमनची गाडी भर उन्हात, शंभर लोकांच्या देखत, पातेल्यासारखी वाजते म्हणजे काय! आण्णांचा चेहरा उतरला.

माणूस आजारी पडल्यावर जातात तसे लोक जीपला भेटायला गेले. प्रत्येकाने निदान केलं. पिठाच्या गिरणीवाला आसाराम म्हणाला, "पट्टा सैल झालाय." त्याच्या गिरणीत जे काही बिघडतं ते पट्ट्यामुळेच, म्हणून जगातही तसंच. नगरच्या कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले नृसिंहपंत म्हणाले, "आण्णा, तुम्ही गाडी दक्षिणेला तोंड करून उभी करता. हे बरोबर नाही." मग चौघांनी मिळून जीप पूर्वेकडे वळवली. ती पूर्वेकडे तोंड करूनही ठणठणीत वाजली. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की दोष ड्रायव्हर सहादेवचा. सहादेव गियर चुकीचा टाकतो. सहादेव मान खाली घालून उभा राहिला. त्याला बोलता आलं असतं, पण मग जीपही गेली असती आणि पगारही.

आण्णांनी जीप राहुरीला श्रीमंत मिस्त्रीकडे नेली. श्रीमंतच्या गॅरेजवर पाटी नव्हती. पाटी नवख्याला लागते, असं तो स्वतःच सांगायचा, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगायचा. त्याने इंजिनाचं हेड खोललं, आत साठलेली काजळी खरवडून काढली, प्लग बदलले, ठिणगीचं टायमिंग नीट लावलं. मग स्वतःच्या कॅनमधलं पेट्रोल टाकून आण्णांना पाटाच्या पुलावरून फिरवून आणलं. आवाज बंद! आण्णांनी तिथल्या तिथे पेढे वाटले.

पेढे पचायच्या आत जीप पुन्हा वाजायला लागली.

आता अपमान श्रीमंतचा झाला होता. तो एस.टी.ने स्वतः गावात आला. जीप माझ्या दुकानासमोर उभी होती आणि शेजारी रॉकेलची रांग लागलेली. श्रीमंतने इंजिनाकडे बघितलंही नाही. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं, माझ्याकडून एक चिंधी मागून घेतली, दोरा बांधून आत सोडली, भिजवून बाहेर काढली आणि थेट माझ्या नाकाला लावली.

"टेलर, कशाचा वास?"

मी आण्णांकडे बघितलं. आण्णा माझ्याकडेच बघत होते. मला सर्दी झाली आहे, असं मी सांगितलं.

"रॉकेल हाय हे!" श्रीमंत ओरडला. हळू बोलणं त्याच्या घराण्यात नव्हतं. "निम्मं पेट्रोल, निम्मं रॉकेल! आण्णा, नुसतं पेट्रोल ठिणगी पडल्यावर शिस्तीत जळतं. रॉकेल मिसळलं की आतला मसाला आपल्याच मनानं भडकतो. पिस्टन वर येतोय, अन् हा वरून त्येच्या टाळक्यात हानतोय. त्योच ह्यो आवाज. मी काय रोज येऊन काजळी काडू?"

"मिस्त्री, हळू," आण्णा म्हणाले.

पण रांगेने ऐकलं होतं. सगळ्यांच्या हातात रिकाम्या बाटल्या. क्षणभर वाटलं, आता काहीतरी होणार. कोणीतरी खोकलं. एक पोरगं रडायला लागलं तर आईने त्याला धपाटा घातला. आण्णा म्हणाले, "सहादेवानं चुकून वतलं आसंल." सहादेवने पुन्हा मान खाली घातली. एवढ्यावर प्रकरण मिटलं, म्हणजे आण्णांना तसं वाटलं.

निवडणूक तोंडावर म्हणून आण्णांनी जीपला नुसतं पेट्रोल पाजायला सुरुवात केली. जीप अशी गुपचूप चालायला लागली की कोंबड्यांनाही चाहूल लागेना, त्या चाकाखाली यायला लागल्या. आणि इकडे दुकानात रॉकेल काठोकाठ! वरून माल अचानक यायला लागला. छबूबाईचं स्टँडवर चहाचं खोपट होतं आणि जीभ गावभर. ती आपला डबा भरून घेत मोठ्याने म्हणाली, "गाडी गप झाली अन् बॅरल भरलं. काय देवाची करनी!"

गाव हसलं. हसू एकदा सुटलं की आवरत नाही. जीप शांतपणे जवळून गेली की लोक एकमेकांना कोपराने ढोसायचे. ठणठणाट होता तेव्हा आण्णांची नुसती शोभा झाली होती. आता शांतता त्यांच्यावर चोरीचा आळ घेत होती. खुर्ची हलायला लागली. मला तर उकळ्या फुटत होत्या. मी पुंजारामासाठी नवा सदरा फुकट शिवायला घेतला. सभेत त्याचं नाव मीच सुचवणार होतो.

मग आण्णांनी जे केलं ते फक्त आण्णाच करू जाणोत. ते जीप घेऊन परत राहुरीला गेले आणि श्रीमंतला म्हणाले, "मिस्त्री, आवाज परत घाल."

हे मला सहादेवने सांगितलं. श्रीमंत म्हणे आधी हसून हसून खाली बसला. आवाज काढायला लोक येतात, आवाज घालायला हे पहिलंच गिऱ्हाईक. मग त्याने टायमिंग पुढे सरकवून ठेवलं, म्हणजे ठिणगीच वेळेआधी पडावी. "आता गंगाजल पाजलं तरी वाजंल," तो म्हणाला. "पन इंजिन जाईल हां."

"निवडनुकीपातूर टिकंल का?"

"तेवडं टिकंल."

आण्णा नुसत्या पेट्रोलवर ठण ठण वाजत गावात शिरले. रॉकेलची रांग लागली होती तिथे जीप थांबवून उभे राहिले. "बगा! रॉकेल तुमच्या डब्यात हाय का न्हाई? अन् गाडी तर वाजतीच हाय. मग माजा काय संबंध?" नृसिंहपंतांनी तिथेच निकाल दिला, "संबंध सिद्ध होत नाही." ज्या माणसाने जीपची दिशा बदलली होती, त्याचा निकाल. आणि लोक माना डोलवायला लागले! मी रागारागात पुंजारामाच्या सदऱ्याची बाहीच तिरकी कापली.

पण एक घोटाळा झाला. इतके दिवस बायका जीपच्या आवाजावर दिवस ठरवत होत्या, हे आम्हा पुरुषांना माहीतच नव्हतं. पुलावर ठणठण ऐकू आली की रॉकेल जीपच्या पोटात गेलं, रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही; जीप गुपचूप गेली की डबा घेऊन पळायचं. आता जीप रोजच वाजायला लागली. बॅरल आलेलं असूनही कोणी फिरकलं नाही, दुकानदाराने दुपारीच कुलूप ठोकलं, आणि निम्म्या गावाने त्या दिवशी अंधारात भाकरी खाल्ली.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. मी उठलो आणि पुंजारामाचं नाव सुचवलं. रॉकेल, टाकी, टायमिंग, सगळं बोललो. सर्दी झाल्याचं सोडून सगळं. लोक शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, जिंकलो.

मग छबूबाई उठली.

"आण्णा, मत तुमालाच हाय. पन एक अट हाय. त्यो खोटा आवाज काडा. गाडी रॉकेल पेली तर वाजू द्या, न्हाई पेली तर गप जाऊ द्या. आमाला कळाया पायजे."

बायकांच्या बाजूने "व्हय व्हय" झालं. मी आण्णांकडे बघितलं. आता सापडला, म्हटलं. अट मान्य केली तर चोरी मान्य केली, आणि नाही म्हटलं तर मतं गेली. आण्णांनी उपरण्याने तोंड पुसलं, जराही न अडखळता म्हणाले, "मान्य. उद्याच मिस्त्रीला सांगतो."

टाळ्या पडल्या. चोराने भरसभेत कबुली दिली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! हात वर झाले. पुंजाराम संकोची, त्याने स्वतःसाठी हात वर केलाच नाही. त्याच्या बाजूने माझा एकट्याचा हात होता, तोही शेजारच्याने खाली ओढला.

मी रागाने लाल झालो होतो. शाळेच्या फाटकातच छबूबाईला गाठलं. "मावशी, चोर आहे हे माहीत असून मत देता?"

"म्हाईत हाय म्हनूनच द्यायचं, टेलरदादा. ह्येची चोरी पुलावर आली की घरात ऐकू येती. पुंजाराम सायकलीवर फिरतो. त्यानं नेलं तर आमाला कसं कळायचं?"

"अहो, पुंजाराम नेणारच नाही!"

छबूबाईने माझ्याकडे असं बघितलं, की मला माझं वय एकदम कमी झाल्यासारखं वाटलं.

"आज न्हाई नेत," ती म्हणाली. "आज त्येच्या ताब्यात बॅरल कुटं हाय?"