रानकांद्याचे आईबाप

कुंडीत सात रोपं. तपासणीसाठी चारांच्या पाती बुडापासून कापलेल्या, एकाची अर्धी, शाबूत दोनच. प्रयोगशाळेत जिला सगळे ‘काटा’ म्हणत, तिने ती पुन्हा मोजली. तरी दोनच भरली.

हा रानकांदा तिला एका टेकडीवर सापडला होता. वरच्या उतारावर चपट्या पातीचा कांदा, खाली ओढ्याकाठी पोकळ पातीचा, आणि मधोमध हा, धड चपटा नाही की धड पोकळ नाही. दोघांचा संकर आहे, हा तिचा दावा. तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणत, चपट्याचाच एखादा हट्टी भाऊ असेल. तसं निघालं, तर तिच्या प्रबंधातलं मुख्य प्रकरणच गळणार होतं.

सोमवारी पहिला निकाल आला. दोन्ही कांद्यांचा डीएनए जिथे वेगळा पडतो अशा बारा जागा तिने निवडल्या होत्या. रानकांद्यात बाराही जागी दोघांच्या पट्ट्या, म्हणजे दोघांच्याही डीएनएच्या खुणा! ती नाचायचीच बाकी होती. तेवढ्यात भांडी धुणाऱ्या मावशींनी विचारलं, "तिन्ही कांदे एकाच खलात वाटलेस?"

"हो."

"मधे धुतलास?"

"पुसला."

"पुसला! अगं, कांदा वाटलेल्या खलात वेलची कुटली तर वेलचीलाही कांद्याचा वास लागतो."

काट्याचं तोंड एवढंसं झालं. तशीच ती मॅडमच्या खोलीत गेली. "मॅडम, निकाल कच्चा आहे. खल धुतला नव्हता."

"म्हणजे संकर टेकडीवर झाला की खलात?"

"तेच कळत नाहीये."

मॅडमना हसू आवरेना. "शुक्रवारपर्यंत शोध. नाहीतर प्रकरण बाद."

या वेळी मावशी पहाऱ्याला उभ्या राहिल्या. खल घासला, उकळला, पुन्हा घासला. रानकांद्याच्या आधी त्यात नुसतं पाणी वाटून घेतलं. आधीच्यांचं काही उरलं असेल, तर ते पाणीच चुगली करणार होतं.

"हळू वाट गं, सासूचा राग काढतेयस का?"

"माझं लग्न कुठे झालंय, मावशी?"

"आधी या कांद्यांचं जमू दे, मग तुझं बघू."

शुक्रवारी सकाळी मॅडम चष्मा कपाळावर सरकवून संगणकाच्या पडद्याशी वाकल्या. मावशी दारातच थबकल्या, हात ओलेच.

"वाच," मॅडम म्हणाल्या.

काट्याने वाचलं, "पाणी: शून्य पट्ट्या. रानकांदा: बारापैकी अकरा जागी दोघांच्या पट्ट्या. एक जागा वाचता आली नाही."

"म्हणजे संकर टेकडीवरच झाला," मॅडम म्हणाल्या.