पूल कुणाचा

थोरली आणि धाकटी या दोन शहरांचं वैर जावाजावांचं. भांडण कशावरून सुरू झालं ते आता दोघींनाही आठवत नसेल, पण रोज सकाळी उठून ते नव्याने करायला मात्र दोघी विसरत नाहीत. थोरली जुनी. तिच्याकडे बंदर, न्यायालय, आणि पोपडे आले तरी नाक वर असलेला नगरभवनाचा मनोरा. धाकटी कालची पोर. तिच्याकडे काचेच्या इमारती, नवी इस्पितळं, आणि थोरलीच्या मनोऱ्यापेक्षा बोटभर उंच मनोरा. मुद्दाम बोटभरच, म्हणजे थोरलीला रोज मान वर करून मोजता यावं. एकीने मैदान बांधलं की दुसरी त्याहून मोठं बांधणार, मग त्यात खेळायला माणसं असोत वा नसोत.

दोघींच्या मध्ये खाडी, आणि खाडीच्या अलीकडे, थोरलीच्या कुशीला लागून एक गाव. मध्ये आहे म्हणून त्याला मधलं म्हणतात. मधल्यातली अर्धी माणसं सकाळी थोरलीत कामाला जातात, अर्धी पूल ओलांडून धाकटीत. संध्याकाळी एकाच नळावर येऊन दोन्हीकडच्या साहेबांना शिव्या देतात. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण कुणी रचली ते ठाऊक नाही, पण तो मधल्यात राहत असावा.

ताईच्या वडिलांचं, अण्णांचं, मधल्यात बसच्या सीटा शिवायचं दुकान होतं. थोरलीच्या बसला निळं रेक्झिन, धाकटीच्या बसला हिरवं. अण्णा सकाळी एका डेपोत माल पोचवत, दुपारी दुसऱ्यात. "वरचं कातडं वेगळं," ते म्हणत, "आतला स्पंज एकाच गठ्ठ्यातला. बसणाऱ्याला तर तेवढाही फरक कळत नाही." ताई त्यांच्या हाताखाली शिकली. धाकटा भाऊ, ज्याला घरात अजून छोट्या म्हणत, तो शिकून थोरलीच्या नियोजन कार्यालयात नकाशे काढायला लागला. अण्णांना त्याचा अभिमान होता. ते कुणालाही सांगत, "आमचा पोरगा शहर कुठे संपतं ते ठरवतो."

अण्णा गेले ते पुलाच्या मधोमध.

मधल्यात रुग्णवाहिका येते ती थोरलीची. हृदयाचं इस्पितळ जवळ आहे ते धाकटीचं, पूल उतरला की समोर. पण काही वर्षांपूर्वी दोघींचं डिझेलच्या खर्चावरून वाजलं आणि तेव्हापासून नियम झाला: थोरलीची गाडी पुलाच्या मध्यापर्यंत जाईल, तिथे धाकटीची गाडी येईल, आणि रोगी या गाडीतून त्या गाडीत हलवायचा. पुलाच्या मध्यावर एक लोखंडी पट्टी आहे. तिच्या अलीकडचा कठडा निळा, पलीकडचा हिरवा.

भर दुपार होती. गाडी पट्टीशी येऊन थांबली. समोर रस्ता रिकामा. धाकटीच्या गाडीचा पत्ता नव्हता.

"पुढे घ्या," ताई म्हणाली.

"ताई, पट्टी ओलांडली तर उद्या नोकरी जाते माझी," चालक म्हणाला. "वरून कुणी हो म्हणू दे, लगेच घेतो."

वर म्हणजे थोरलीच्या कार्यालयात. तिथे छोट्या होता. ताईने फोन लावला. तो म्हणाला, "थांब, विचारतो. फोन ठेवू नकोस." ताईने फोन ठेवला नाही. एका हातात अण्णांचा हात होता, दुसऱ्यात फोन, आणि समोर खिडकीतून इस्पितळाची पाटी स्पष्ट वाचता येत होती. फोनमधून कुणाच्या तरी खुर्चीचा, कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज येत राहिला. हिरवी गाडी आली तेव्हा ताईच्या हातातला हात गार पडायला लागला होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी छोट्या दुकानात आला. ताई मशीनवर होती. तिने मशीन थांबवलं नाही.

"ताई, परवा सुनावणी आहे. शाळेच्या सभागृहात."

"ऐकलंय."

सगळ्या मधल्याने ऐकलं होतं. देशातलं सर्वांत मोठं महानगर कुठलं, हे ठरायचं होतं. नियम साधा होता: ज्या वस्तीतलं चारातलं एक कामकरी माणूस रोज ज्या शहरात कामाला जातं, आणि जी वस्ती त्या शहराला सलग जोडलेली आहे, ती त्या शहराच्या महानगरात धरायची. मधल्यातून चारातलं एक काय, दोन थोरलीत जात होती आणि दोन धाकटीत. आणि दोघींच्या लोकसंख्येतला फरक मधल्याएवढाही नव्हता. ज्या घरी मधलं, ते घर मोठं. म्हणून सगळी लढाई आता पुलावर आली होती. पूल धाकटीचा ठरला तर खाडी ओलांडून तिची वस्ती सलग होणार. थोरलीचा ठरला तर धाकटी पाण्यापाशीच संपणार.

"तू दोन वाक्यं बोलायचीस," छोट्या म्हणाला. "अण्णा आयुष्यभर थोरलीचे म्हणून जगले, एवढंच."

"अण्णा मधल्यात जगले आणि पुलावर मेले."

"हे बघ, धाकटीवाले अण्णांचं नाव काढणार आहेत. आपल्या गाडीने थांबवलं म्हणून बोंब मारणार."

मशीन थांबलं. "आपल्या?"

"थोरलीच्या."

"आधी काय म्हणालास?"

"ताई, शब्दात पकडू नकोस. मी नोकरी करतो तिथे."

"मग एक सांग. त्या दिवशी मी फोन धरून बसले होते तेव्हा तू काय करत होतास?"

छोट्या रेक्झिनच्या गुंडाळीवर बोट फिरवत राहिला. "विचारत होतो."

"कुणाला? काय म्हणाले?"

"आता तो विषय नको ना."

"तू थांब म्हणालास. मी थांबले. अण्णा थांबले नाहीत." ताईने पुन्हा पायडल दाबलं. "येते मी सुनावणीला. पण तुझी दोन वाक्यं तुझ्यापाशी ठेव."

सभागृहात मधून वाट सोडून खुर्च्या मांडल्या होत्या, डावीकडे थोरलीच्या, उजवीकडे धाकटीच्या, लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष बसतात तशा. दाराशी शिपाई उभा.

"कोणाच्या बाजूच्या?"

"माझ्या वडिलांच्या," ताई म्हणाली. त्याला डावं-उजवं काही कळेना. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

जनगणना आयोगाचे अध्यक्ष म्हातारे होते. कुणी पुटपुटलं की कानामागे हात धरत. थोरलीचा वकील उठला आणि त्याने पुलाची कुंडलीच मांडली: दगड थोरलीच्या खाणीतला, मुकादम थोरलीचा. धाकटीची वकीलबाई उठली: दिवे आमचे, दिव्यांची वीज आमची, पूल अंधारात पडला असता तर यांचे दगड कुणाला दिसले असते?

"अहो, पण कठडा अर्धा निळा आहे!"

"उरलेला अर्धा हिरवा आहे, आणि यांच्या निळ्याला गंज चढलाय."

सभागृह हसलं. ताईच्या कानशिलातली शीर उडायला लागली. थोरलीच्या बाजूला पहिल्या रांगेत छोट्या नकाशा मांडीवर घेऊन बसला होता. नकाशावर मधलं निळ्या रंगात बुडवलेलं होतं, पुलासकट.

अध्यक्षांनी गावातल्या कुणाला बोलायचं आहे का विचारलं तेव्हा ताई पुढे गेली. दोन्ही वकील तिच्याकडे पाहून हसले. आपलीच साक्षीदार आली असं दोघांनाही वाटलं.

"मला आधी नीट समजू दे," ताई म्हणाली. "पूल अर्धा तुमचा की पूर्ण?"

"पूर्ण," थोरलीचा वकील म्हणाला. "या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"आणि तुम्ही म्हणता?"

"पूर्ण आमचा," वकीलबाई म्हणाली. "त्यात शंका नाही."

"मग माझ्या वडिलांना घेऊन गाडी मध्येच का थांबली?"

ताईने जे घडलं ते सांगितलं, जसं घडलं तसं, एक शब्द जास्त नाही. आवाज चढू दिला नाही. चढला असता तर त्यांनी तिला पाणी दिलं असतं, खुर्ची दिली असती, आणि विषय संपवला असता.

"पूल पूर्ण तुमचा," ती थोरलीच्या वकिलाला म्हणाली, "तर तुमच्या गाडीला पट्टीवर कुणी अडवलं? आणि बाई, पूल पूर्ण तुमचा, तर तुमच्या पुलावर माणूस पडून होता तेव्हा तुमची गाडी कुठे होती?"

वकील खाकरला. "आम्हाला सहानुभूती आहे. पण हा दावा केवळ गणनेपुरता आहे. सेवा हा वेगळ्या खात्याचा विषय."

"अगदी बरोबर," वकीलबाई म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं. "गणना वेगळी, जबाबदारी वेगळी."

"गणना कधी झाली?"

"वर्षाच्या सुरुवातीला."

"म्हणजे अण्णा तुमच्या आकड्यात आहेत. ते सकाळी थोरलीत जायचे, दुपारी धाकटीत. म्हणजे तुमच्याही आकड्यात आहेत." ताईने दोघांकडे पाहिलं. "मोजायला दोघं. न्यायला कुणी नाही. ठीक. मी साक्ष देते. जे आत्ता इथे उभं राहून म्हणतील की उद्यापासून आमची गाडी पट्टीवर थांबणार नाही, त्यांच्या बाजूने. मधलं घ्या, पूल घ्या, देशातले सर्वांत मोठे व्हा. बोला."

वकिलाने मागे पाहिलं. मागच्याने त्याच्या मागच्याकडे पाहिलं. वकीलबाई फोन घेऊन खिडकीशी गेली आणि तशीच परत आली. छोट्या आपल्या साहेबाच्या कानाशी लागला. साहेबाने त्याच्या मांडीवरच्या नकाशावर हात ठेवला, लहान मुलाला गप्प करावं तसा, आणि छोट्या खुर्चीत मागे सरला.

अध्यक्षांनी घसा साफ केला. प्रसंग नाजूक आहे, म्हणाले. वाद मिटवायचा एक मार्ग नियमातच आहे: दोन्ही शहरं मिळून एकच संयुक्त महानगर धरायचं. मग मधलं दोघांचंही, पूलही दोघांचा, आणि पहिला क्रमांकही दोघांचाच.

"आणि गाडी?" ताईने विचारलं.

"ते या आयोगाच्या कक्षेत येत नाही, बाई."

दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. ताई अजून पुढेच उभी होती. टाळ्या थांबायच्या आत थोरलीचा वकील म्हणाला, "संयुक्त नावात अर्थात थोरलीचं नाव आधी."

"का म्हणून?" वकीलबाई ताडकन उठली.

ताई वाटेतून चालत बाहेर आली. व्हरांड्यात मुलांच्या चपला ठेवायचं लाकडी फडताळ होतं. तिने त्याची कड दोन्ही हातांनी धरली. ते उचलून आत फेकावं, इतका संताप तिच्या दंडात भरला होता.

मागून छोट्या आला. "ताई, निदान भांडण तरी मिटलं."

ती वळली. "काय करत होतास तू? फोन चालू होता. मी ऐकत होते. खुर्ची सरकली. कोण बोलत होतं?"

"साहेब."

"काय म्हणाला?"

छोट्याचा चेहरा अण्णांसारखा होता. अण्णा खजील झाले की असाच उतरायचा. "म्हणाला, तोंडी परवानगी देता येत नाही. लेखी अर्ज कर."

"आणि तू?"

"मी लिहीत होतो, ताई. अर्ज लिहीत होतो. विषय काय लिहायचा ते सुचत नव्हतं. दोनदा खोडलं."

ताईने हात उचलला. तो हवेतच राहिला. लहानपणी तिने त्याला पुष्कळदा मारलं होतं, आणि प्रत्येक वेळी अण्णांनी मध्ये येऊन तो मार आपल्या पाठीवर घेतला होता. आज मध्ये यायला कुणी नव्हतं. तिने हात खाली घेतला.

"हे आत जाऊन सांग."

"आता? नोकरी जाईल."

"त्या चालकानेही हेच सांगितलं होतं. त्याला मी काही बोलले नाही, तो माझा कुणी नव्हता." तिने दाराकडे बोट दाखवलं. "तू अण्णांचा मुलगा आहेस. जा."

तो उभाच राहिला. आतून नावाच्या क्रमावरचा गोंधळ ऐकू येत होता; कुणीतरी वर्णक्रमाचं म्हणत होतं, कुणीतरी वयाचं. मग त्याने शर्ट खाली ओढून नीट केला, शाळेत कविता म्हणायला उठायच्या आधी ओढायचा तसा, आणि दार ढकललं.

"कोणाच्या बाजूचे?" शिपायाने विचारलं. छोट्या थेट पुढे गेला.

गोंधळ एकदम थांबला नाही. अध्यक्षांची घंटा वाजली, पुन्हा वाजली. मग छोट्याचा आवाज आला, इतका बारीक की ताईला शब्द कळले नाहीत.

"मोठ्याने बोला," अध्यक्ष म्हणाले. "ऐकू येत नाही."

ताईचा राग तसूभर कमी झाला नव्हता. ती दाराला खेटून उभी राहिली. तो पुन्हा पुटपुटलाच, तर आत जाऊन त्याचं मनगट धरून, सगळ्यांसमोर, तिला ते त्याच्याकडून मोठ्याने वदवून घ्यायचं होतं.